बेरिया कॉलेजला देणगी: काय मिळतं, कुठं अडतं

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजने १८९२पासून एकाही विद्यार्थ्याकडून शिकवणीची फी घेतलेली नाही. विद्यार्थी साधारण दीड हजार, बहुतेक अ‍ॅपलाचियाच्या डोंगरपट्ट्यातल्या बेताच्या उत्पन्नाच्या घरांतले. इतर छोट्या लिबरल आर्ट्स (एकाच व्यवसायापुरतं नव्हे, तर सर्वांगीण पदवी शिक्षण देणाऱ्या) कॉलेजांत देणगी फीला जोड म्हणून येते, इथं ती फीच्या जागी येते. वर्षाच्या खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग दात्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कायम निधीच्या उत्पन्नावर चालतो. उरलेला भाग सरकारी अनुदानं आणि त्या-त्या वर्षीच्या देणग्या यांतून भरावा लागतो.

निधी अब्ज डॉलरच्या वर आहे, मग आपल्या शंभर डॉलरनं काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. हिशेब करून बघा. अशा निधीतून वर्षाला साडेचार-पाच टक्क्यांपेक्षा जास्त काढलं तर महागाईपुढं मुद्दल झिजतं. अब्जाचे पाच टक्के म्हणजे ५ कोटी डॉलर, दर विद्यार्थ्यामागं ३३ हजारांच्या आसपास. अनेक खाजगी लिबरल आर्ट्स कॉलेजांत नुसती फीच ५० हजारांच्या पुढं असते. म्हणजे अब्ज असूनही हात सैल सोडता येत नाही.

मृत्युपत्रातून विनाअट आलेली रक्कम खर्च न करता निधीत टाकायची, हा विश्वस्तांचा १९२०चा निर्णय आम्हाला या संस्थेची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या: निधीत गेलेल्या १,००० डॉलरमधून वर्षाला ४५-५० डॉलरच वापरात येतात, मात्र कायमचे. याच वर्षी कुणाला उपयोग व्हावा असं वाटत असेल, तर वार्षिक देणगीचा पर्याय निवडा.

अटी शक्यतो घालू नका. ‘अमुक विषयाच्या, अमुक गावच्या विद्यार्थ्यासाठी’ असं लिहिलं आणि तसा विद्यार्थी मिळाला नाही, तर पैसे पडून राहतात आणि अट सैल करायला कायदेशीर खटाटोप लागतो. व्हर्जिनियाचं स्वीट ब्रायर कॉलेज २०१५मध्ये बंद पडायला निघालं होतं. ते वाचवताना माजी विद्यार्थिनींनी १ कोटी २० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, शिवाय १ कोटी ६० लाखांच्या निधीवरची बंधनं उठवायला राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलची संमती लागली. अट घालायचीच असेल तर ‘शक्यतो’ हा शब्द लिहून ठेवा.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी: वर्षाहून जास्त ठेवलेले, भाव चढलेले शेअर विकून पैसे देऊ नका, शेअरच कॉलेजच्या खात्यात वर्ग करा. भांडवली नफ्यावरचा कर वाचतो. इथं नेहमी होणारा घोळ म्हणजे ब्रोकरकडून शेअर पोचतात, पण देणाऱ्याचं नाव पोचत नाही. म्हणून आधी देणगी विभागाला कंपनी, शेअरची संख्या आणि ब्रोकर कळवा. ३१ डिसेंबरला कार्डानं दिलेली रक्कम करासाठी त्याच वर्षात धरली जाते. शेअर मात्र खात्यात जमा होतील त्या दिवशी धरले जातात, तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच काम उरका. २५० डॉलर किंवा त्याहून जास्त दिल्यास करसवलतीसाठी कॉलेजची लेखी पोच हवीच, बँकेचं स्टेटमेंट चालत नाही. तुमची कंपनी देणगीइतकीच भर घालत असेल तर तिच्या पोर्टलवर स्वतः नोंद करा. कॉलेज ती तुमच्या वतीनं करू शकत नाही, आणि बरेच पैसे इथंच सुटतात.

प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास पगारी काम करावं लागतं. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ माहीत असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. १९२०पासून चालू असलेल्या झाडूच्या कारखान्यात ब्रूमकॉर्नचे लांब तुरे दांड्याला ताणून बांधतात, दाबून चपटे करतात, आडवे टाके घालतात आणि टोकं सारखी छाटतात. ब्रूमकॉर्न ही ज्वारीचीच एक जात. झाडू जरूर घ्या, पण ती खरेदी आहे, तिच्यावर करसवलत मिळत नाही.

भारतातून पैसे पाठवणाऱ्यांना आयकरातली देणगीची (८०जी) वजावट मिळत नाही, कारण संस्था परदेशी आहे. एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली देणगी पाठवता येते. बँकेच्या फॉर्मवर कारण ‘देणगी’ असंच लिहा, शिक्षणखर्च नव्हे, आणि मधल्या बँकेचं शुल्क आपल्याकडून कापायला सांगा, नाहीतर कॉलेजच्या हाती रक्कम कमी पडते. छोट्या रकमेला हे शुल्क परवडत नाही, म्हणून वर्षाची देणगी एकदमच पाठवावी.