टास्कवॉरिअर एआय एजंटांच्या हाती देताना : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

टास्कवॉरिअर हे कमांड लाइनवर चालणारे, कामांची नोंद ठेवणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. आमच्या छोट्या गटात ते आता माणसांबरोबर एआय एजंटही (सांगितलेले काम स्वतः कमांड चालवून करणारे एआय प्रोग्रॅम) वापरतात, आणि त्यांच्यासाठी प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये आम्ही ‘एजंट्स.एमडी’ ही सूचनांची फाइल ठेवली आहे. हा अभिप्राय साधनाइतकाच त्या फाइलविषयी आहे, कारण एजंट हे साधन नीट वापरतो की नाही, हे मुख्यतः त्या फाइलवरच ठरते, असे माझे मत झाले आहे.

कमांडची यादी लिहून देण्याचा उपयोग फारसा होत नाही. काम जोडणे, सुरू करणे, पूर्ण करणे हे एजंटाला आधीच येत असते. मात्र त्याची माहिती बरेचदा जुन्या आवृत्तीची असते. मार्च 2024 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीपासून नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींऐवजी एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये राहतात, आणि वेगवेगळ्या संगणकांवरील नोंदी जुळवणारा पूर्वीचा टास्कसर्व्हर या आवृत्तीबरोबर चालत नाही. हे सांगितले नाही तर एजंट जुन्या आवृत्तीतील ‘पेंडिंग.डेटा’ ही फाइल शोधत बसतो आणि ती सापडली नाही की कामेच नाहीत असे गृहीत धरतो. म्हणून आमच्या फाइलची पहिली ओळ आवृत्तीची आहे, आणि दुसरी, डेटाबेसला थेट हात लावू नये, ही.

सर्वांत मोलाची ठरलेली सूचना क्रमांकांविषयीची आहे. यादीत दिसणारा 1, 2, 3 असा आयडी कायमचा नसतो. काही कामे पूर्ण झाल्यावर यादी पुन्हा काढली की उरलेल्या कामांना नवे क्रमांक मिळू शकतात. यादी समोर असलेल्या माणसाला हा बदल लगेच दिसतो, परंतु एजंट संभाषणात आधी वाचलेली यादी गृहीत धरून पुढे जातो आणि 4 क्रमांकाचे काम बंद करताना भलतेच काम बंद करू शकतो. प्रत्येक कामाचा यूयूआयडी (त्या कामाची अक्षरे-आकड्यांची कायमची ओळख) मात्र बदलत नाही आणि त्याची पहिली आठ अक्षरे दिली तरी चालते. ‘आयडी वापरू नये’ एवढाच नियम आम्ही लिहिला होता तेव्हा तो अधूनमधून मोडला जाई. त्याचे कारण एका वाक्यात जोडल्यावर पालन बरेच सुधारले.

तारखांची बाब भारतात वापरणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. एजंटाला वाचायला सोयीचे म्हणून आम्ही ‘एक्स्पोर्ट’ ही कमांड वापरतो, जी सर्व नोंदी जेसन या प्रोग्रॅमना वाचता येणाऱ्या मजकूर-स्वरूपात देते; त्यातील वेळ मात्र यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत असते. आपण 11 मार्च ही मुदत दिली की तिचा अर्थ त्या दिवसाची मध्यरात्र असा होतो, आणि या फरकामुळे एक्स्पोर्टमध्ये 10 मार्च, 18:30 अशी नोंद दिसते. एजंट पहिले आठ आकडे वाचून मुदत एक दिवस अलीकडची सांगतो, आणि तो इतक्या खात्रीने सांगतो की ऐकणारा तपासायला जात नाही. यावर आम्ही फाइलमध्ये नियमाबरोबर अशा एका नोंदीचे रूपांतर पूर्ण करून दाखवले आहे. नुसत्या नियमापेक्षा सोडवलेले उदाहरण एजंटाला अधिक उपयोगी पडते, हे मी येथे शिकलो.

कामाचे वर्णन लिहिताना त्यात ‘प्रोजेक्ट:’ किंवा ‘ड्यू:’ असे शब्द आले तर ते वर्णनाचा भाग न राहता कामाचा प्रकल्प किंवा मुदत अशा गुणधर्मांच्या नोंदी म्हणून वाचले जातात, म्हणून वर्णनाआधी दोन आडव्या रेघा देण्याची सूचना आवश्यक आहे. ‘एडिट’ कमांड संपादक उघडते आणि एजंट तेथेच अडकतो. ती वर्ज्य केली आहे. एका वेळी तीन किंवा अधिक कामांत बदल करताना साधन मूळ मांडणीनुसार दुजोरा मागते. हा अडथळा काढून टाकण्याचा मोह होतो, पण आम्ही तो मुद्दाम ठेवला आहे आणि कामे पुसण्याचा अधिकारही माणसाकडेच ठेवला आहे.

कामांचे परस्परावलंबन हे या साधनाचे खरे बलस्थान आहे. अडलेल्या कामाची निकड आपोआप घटते, ज्याच्यावर इतर कामे थांबली आहेत त्याची वाढते, आणि ‘रेडी’ या टॅगने गाळणी लावली की आता हाती घेण्याजोगी कामेच समोर येतात. पुढे काय करावे हे एजंटाने स्वतःच्या अंदाजाने ठरवण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. अर्धवट राहिलेल्या कामावर टिपण जोडूनच थांबावे, असेही आम्ही लिहिले आहे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी नव्याने सुरू झालेल्या एजंटाला मागचा धागा मिळतो.

मर्यादाही आहे. हे साधन मुळात एका व्यक्तीसाठी रचलेले असल्याने काम कोणाकडे आहे याचा रकाना त्यात नाही. तो आम्ही स्वतः जोडला. मोठ्या गटाला परवानग्यांची व्यवस्था लागते, आणि त्यासाठी मी याची शिफारस करणार नाही. दोन-तीन माणसे आणि त्यांचे एजंट यांना ते पुरेसे आहे, विशेषतः आम्ही घातलेला एक निर्बंध पाळला तर : एजंट काम संपल्यावर ‘तपासणी’ असा टॅग लावतो, आणि ते पूर्ण झाल्याची नोंद निकाल पाहून माणूस करतो.