इंकस्केपमध्ये वाड्यांचे नकाशे: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

टेबलटॉप रोल-प्लेइंग, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रे रंगवत खेळायच्या खेळांसाठी लागणारे इमारतींचे नकाशे मी गेले काही महिने इंकस्केप या चित्रे काढण्याच्या मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये काढत आहे. आमच्या गटाची सध्याची मोहीम (अनेक बैठकांत चालणारी कथा) पेशवेकालीन पुण्यात घडते, त्यामुळे बहुतेक नकाशे वाड्यांचे आहेत. नकाशातील इमारत प्रत्यक्षात उभी राहू शकेल का आणि तिच्यात माणसे राहू शकतील का, याच कसोटीवर मी हे साधन पारखले.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच एका खेळात नकाशाचा एक चौकोन पाच फुटांचा मानतात आणि पात्रांच्या छोट्या मूर्ती मांडण्यासाठी तो एक इंचाचा छापतात. इंकस्केपमध्ये एक इंचाची जाळी लावली आणि स्नॅपिंग चालू ठेवले, की रेघा बरोबर जाळीवर बसतात. वाड्याचा लाकडी सांगाडा खणांनी, म्हणजे दोन खांबांमधील अंतरांनी, मोजतात. खणाचे माप ठिकाणपरत्वे बदलते, परंतु खेळापुरता एक खण म्हणजे एक चौकोन धरला, तर खोल्यांची रुंदी आणि खांबांच्या जागा एकदमच ठरतात. सगळे खांब एकाच खांबाचे क्लोन म्हणून ठेवावेत. मूळ खांब जाड केला की सर्व खांब जाड होतात.

माझ्या मते या साधनाचे खरे बळ त्याच्या लेयरमध्ये, म्हणजे एकावर एक ठेवता येणाऱ्या चित्राच्या थरांत, आहे. प्रत्येक मजल्याला स्वतंत्र लेयर देऊन खालचा मजला फिकट दिसत ठेवला, तर वरची भिंत कशावर उभी आहे, जिना वर नेमका कोठे निघतो आणि चौकाची मोकळी जागा आकाशापर्यंत मोकळीच राहते का, हे काढतानाच तपासता येते. भिंतींना खरी जाडी देणे तर अत्यावश्यक आहे. जुन्या वाड्यांत अरुंद, उंच पायऱ्यांचा जिना अनेकदा भिंतीच्या जाडीतच असतो आणि धान्य साठवण्याचे बळदही तसेच दडवलेले असते. भिंत म्हणजे नुसती रेघ असलेल्या नकाशात या दोहोंना जागाच उरत नाही. अशा जिन्यावर एका वेळी एकच जण चढू शकतो, म्हणून तेथील झटापटीचे स्वरूपच बदलते, आणि आमच्या खेळाडूंना हे फार भावले.

पाणी कोठून येते आणि धूर कोठून जातो, हे प्रश्न मात्र आपणच विचारावे लागतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात पाणी आणले गेले आणि ते हौदांत खेळवले गेले. त्यामुळे हौद, त्याच्या जवळ मुदपाकखाना (स्वयंपाकघर) आणि मागे परसदार, असा क्रम धरला की नोकरांची ये-जा, मागचे दार आणि पहाऱ्यातील फट या गोष्टी ओघाने ठरत जातात.

तयार सामानसुमान, लाकडाचा पोत किंवा सावल्या हव्या असतील, तर खास नकाशांसाठी बनवलेली साधने अधिक सोयीची ठरतील. इंकस्केपमध्ये हे सारे स्वतः काढावे लागते. ऑनलाइन खेळासाठी १०० डीपीआयने (दर इंचाला १०० ठिपके) चित्र निर्यात केले, तर एक चौकोन १०० पिक्सेलचा होतो आणि फाउंड्री या ऑनलाइन खेळाच्या सॉफ्टवेअरच्या मूळ जाळीशी तंतोतंत जुळतो.

छपाईसाठी २०२२ च्या १.२ आवृत्तीपासून आलेली अनेक पानांची सोय मी नेहमी वापरतो. समास सोडून ए४ कागदावर सात बाय दहा चौकोन मावतात, म्हणजे तीन चौकोन रुंदीचा चौक आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन चौकोनांची ओसरी एका पानात बसते. म्हणून मी पाने चौकांप्रमाणेच पाडतो: देवडी आणि पहिला चौक एका पानावर, माजघर आणि मागचा चौक दुसऱ्या पानावर.