गच्चीवरचं ॲक्वापोनिक्स, अकरा महिन्यांनंतर: लातूरच्या बोअरच्या पाण्यावर काय चाललं, काय बिघडलं

ॲक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी भाजीच्या वाफ्यांतून फिरवायचं; माशांच्या घाणीचं झाडांना खत होतं आणि पाणी परत टाकीत येतं. माझा संच असा: 500 लिटरची प्लास्टिकची टाकी, 200 लिटरचे दोन निळे ड्रम उभे चिरून केलेले चार वाफे, त्यात 20 मिमीची काळी खडी, तासाला 1000 लिटर फेकणारा 25 वॅटचा पंप आणि 5 वॅटचा हवेचा पंप. चारही वाफे मिळून 2 चौरस मीटर जागा होते. जुलैत सुरू केला, मे संपेपर्यंतचा हा अनुभव.

मत आधीच सांगून टाकतो. पालेभाजीसाठी संच उत्तम, माशांसाठी बरा. पैसे वाचतील या हिशेबाने करणार असाल तर करू नका. दोन्ही पंप चोवीस तास चालतात, म्हणजे महिन्याला 21-22 युनिट वीज. 20 मासे वर्षभरात 400 ग्रॅमपर्यंत गेले तरी 8 किलोच होतात आणि त्यांना 12 किलोच्या आसपास खाद्य लागतं. पण ऐन चैत्रात पुदिना, पालक, आंबट चुका दाराशी तोडायला मिळतो, ते सुख मोठं आहे.

वजनाचा विचार सगळ्यात आधी. ओल्या खडीसकट एक वाफा पावणेदोनशे किलोपर्यंत जातो. चार वाफे आणि टाकी धरून बाराशे किलो. स्लॅब असेल तर टाकी भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेत ठेवा आणि बांधकामाच्या जाणकाराला दाखवून घ्या. माळवदावर हा संच अजिबात नको, अंगणात करा.

आपल्याकडची खडी बेसॉल्टची, म्हणून पाण्याचा सामू (पीएच) वाढवत नाही. तरी मूठभर खडीवर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर त्यात चुनखडी आहे, ती घेऊ नका. क्रशरची भुकटी निघून पाणी नितळ होईपर्यंत खडी धुवा; कंटाळा केला तर ती भुकटी पंपात जाते. पाण्याला लागणारी तोटी, नळी, जोड सगळं प्लास्टिकचं हवं. तांब्या-पितळेचे जोड आणि जीआय पाइप माशांना मारतात.

खरा घोळ बोअरच्या पाण्याचा. या पाण्याचा सामू 8.2 निघाला. एवढ्या सामूला माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया जास्त जहाल होतो. पाणी 30 अंशावर असताना सामू 7 असेल तर एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. सामू 8 झाला की तोच वाटा सात टक्क्यांच्या वर जातो. शिवाय मुळांना लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असं पालकावर महिन्याभरात दिसलं. ईडीटीएचं चिलेटेड लोह (मुळांना घेता यावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं) इथे वाया जातं, सामू साडेसहाच्या वर गेला की ते टिकत नाही. या सामूलाही टिकणारं ईडीडीएचएचं लोह घ्या. 6 टक्के लोहाचं असेल तर 500 लिटरला 15-16 ग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. पाणी लालसर दिसतं, घाबरू नका.

त्यात उन्हाळ्यात पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. वर पुन्हा बोअरचंच पाणी ओतलं की टीडीएस (विरघळलेले क्षार) चढत जातो, पंपाच्या पंख्यावर आणि वाफा आपोआप रिकामा करणाऱ्या सायफनच्या भोकांवर पांढरा थर बसतो. ते भाग काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवा, धुऊन परत लावा. यावर इलाज पावसाच्या पाण्याचा. 50 चौरस मीटर गच्चीवर 20 मिमी पाऊस पडला की हजार लिटर पाणी होतं. त्यातलं जमेल तेवढं साठवून बोअरच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा. निव्वळ पावसाचं वापरू नका, त्यात सामू धरून ठेवणारा क्षार नसतो आणि सामू एकदम कोसळतो. सामू उतरवायला फॉस्फोरिक ॲसिड वापरायचं तर वेगळ्या ड्रममध्ये, थेंबाथेंबाने, ॲसिड पाण्यात घालून; माशांच्या टाकीत कधीही नाही.

2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे माशांसाठी पाणी खर्चायचं का, हा प्रश्न रास्त आहे. इथे तेच पाणी फिरत राहतं, भर फक्त उडालेल्या आणि झाडांनी प्यायलेल्या पाण्याची. मेमध्ये ती रोज एक-दीड बादली पडली. थंडीत कितीतरी कमी.

मासे सोडायची घाई करू नका. आधी चार ते सहा आठवडे जिवाणू वाढू द्या: अमोनियाचं नायट्राइट करणारे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे. त्यांचं खाद्य म्हणून शुद्ध नवसागर (अमोनियम क्लोराइड) चालतो, 500 लिटरला 3 ग्रॅम म्हणजे लिटरला 2 मिलिग्रॅम अमोनिया. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडायला दोन दिवस उघडं ठेवा. एवढा नवसागर टाकल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) सोडा. थेंबांचं टेस्ट किट घ्याच, अंदाजाने हे जमत नाही. नायट्राइट वाढून कल्ले तपकिरी पडले तर लिटरला 1 ग्रॅम खडेमीठ, आणि खाद्य बंद.

कोणता मासा? सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. आपल्याकडची जानेवारीची रात्र आणि मेची दुपार दोन्ही सोसणारा तोच. पंगस झपाट्याने वाढतो, पण थंडीत खाणं सोडतो. तिलापियाला शासनाची परवानगी लागते, आफ्रिकन मांगूरवर देशात बंदीच आहे. 500 लिटरला 20 नग पुरे. मोठे झाल्यावर दिवसाला 80-100 ग्रॅम तरंगतं खाद्य, दोन वेळा, दहा मिनिटांत संपेल इतकंच. पाणी 15 अंशाच्या खाली गेलं की देऊ नका. जिवाणूही तेव्हा मंदावलेले असतात आणि न खाल्लेलं खाद्य सडतं.

बेल सायफन वाफा भरून झटक्यात रिकामा करतो, पण त्याची तऱ्हा आहे. पाणी कमी आलं तर तो सुटत नाही, नळीच्या तोंडावरून नुसतं झिरपत राहतं. जास्त आलं तर सुटलेला थांबत नाही. दोन्हीकडे आधी पंपाची जाळी धुवा, मग प्रत्येक वाफ्याच्या तोटीने प्रवाह जुळवा.

मावा आला तर नीम तेल किंवा साबणाचं पाणी मारू नका, ते थेट माशांपर्यंत पोचतं. पाण्याचा फवारा आणि पिवळे चिकट सापळे यावर भागवा. मेथीचं बी खडीच्या फटीत खोल जातं, निम्मं उगवत नाही. पुदिन्याची कांडी खोचली की झालं.

वीज गेली तर हवेचा पंप 12 व्होल्ट, 7 अँपिअरच्या बॅटरीवर आठेक तास निघतो. ही सोय मासे सोडण्याआधी हवी, कारण अडचण नेमकी मेमध्ये येते. पाणी 35 अंशावर गेलं की त्यात प्राणवायू लिटरला 7 मिलिग्रॅमही मावत नाही, आणि पावसाळ्यात सोडलेले मासे त्याच महिन्यात सगळ्यात जड झालेले असतात. पहाटे ते वर येऊन तोंड उघडू लागतात. 50 टक्क्यांची शेडनेट आणि टाकीभोवती ओलं गोणपाट याने पाणी थोडं निवतं, पण खरा उपाय पाडव्याच्या सुमारास निम्मे मासे काढून खाणं. उरलेले दहा नग मे काढतात.