इन्सुलिन बंद झालेल्या मांजरासाठी कॉन्टूर प्लस ग्लुकोमीटर

मांजराचं इन्सुलिन बंद झालं की ग्लुकोमीटर कपाटात जातो, आणि नेमकी तिथेच चूक होते. इन्सुलिनशिवाय चार आठवडे साखर नीट राहिली तरच डॉक्टर त्याला रेमिशन म्हणतात. त्यानंतरही मधुमेह परत येऊ शकतो, म्हणून घरी मोजणं सुरूच ठेवायला हवं. या कामाला माणसांचा कॉन्टूर प्लस पुरेसा आहे. कुत्र्या-मांजरांसाठी खास बनवलेला अल्फाट्रॅक ग्लुकोमीटर जास्त अचूक आहे, पण त्याच्या स्ट्रिप्स आपल्याकडे कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाहीत, आणि मशीन आहे पण स्ट्रिप नाही ही अवस्था सगळ्यात वाईट.

कॉन्टूर प्लसला ०.६ मायक्रोलिटर रक्त लागतं, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा थेंब. कोड टाकावा लागत नाही, आकडा पाच सेकंदांत येतो. मांजरासाठी त्याचा खरा गुण वेगळाच आहे. रक्त कमी पडलं तर मशीन दोनदा वाजतं आणि त्याच स्ट्रिपला आणखी थेंब लावायला ३० सेकंद देतं. कान झटकणाऱ्या मांजराच्या बाबतीत यामुळे बऱ्याच स्ट्रिप्स वाचतात. एक स्ट्रिप वीस रुपयांच्या आसपास पडते.

रक्त कानाच्या बाहेरच्या कडेवरून घ्यायचं. कडेने जाणारी बारीक शीर उजेडात दिसते. टोचायचं ते तिच्यात नव्हे, तिच्या आणि कडेच्या मधल्या पट्टीत. आधी मोज्यात मूठभर तांदूळ भरून किंचित गरम करा, स्वतःच्या मनगटाला लावून बघा आणि मग अर्धा-एक मिनिट कानाला धरा. थंड कानातून रक्त येत नाही, नव्वद टक्के रडगाणं इथलंच. कडेला व्हॅसलिनचा अगदी पातळ थर लावला की थेंब केसांत न पसरता मण्यासारखा उभा राहतो. कानामागे कापसाची घडी धरून लॅन्सेट (टोचायची छोटी सुई) हातानेच टोचा, ती ज्यात बसवतात त्या पेनच्या खट्ट आवाजाने मांजर दचकतं. सुरुवातीला २८ गेजचा लॅन्सेट बरा, ३३ गेजच्या बारीक सुईने नवख्या कानातून थेंबच निघत नाही. स्ट्रिपचं टोक थेंबाला फक्त टेकवा, ती आपोआप रक्त ओढून घेते. मग अर्धा मिनिट कापसाने दाबा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. आकडा आला नाही तरी द्या.

स्पिरिट लावू नका. ते वाळलं नाही तर आकडा बिघडतो, आणि वासाने मांजर पुढच्या वेळी पलंगाखालून बाहेर येत नाही.

आता आकडा वाचायचा कसा. माणसाच्या रक्तात साखर प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) आणि लाल पेशी दोन्हींत वाटलेली असते, मांजरात ती जवळजवळ सगळी प्लाझ्मात असते. मशीनचं गणित माणसाचं, त्यामुळे मांजराची साखर प्रत्यक्षापेक्षा थोडी कमी दिसते. शिवाय अशा मीटरला १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे व्हायची मुभा असते. म्हणून ११० आणि १२२ यांत फरक शोधत बसू नका. एकच मशीन, एकच वेळ (सकाळी खाण्याआधी) आणि एक वही: बघायचा तो कल.

पहिले दोन आठवडे रोज, पुढचे दोन आठवडे दिवसाआड, नंतर आठवड्यातून एकदा, आणि सहा महिने नीट गेले की महिन्यातून दोनदा मोजलं तरी चालतं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच धरा. या मशीनवर १२० च्या आत असेल तर निश्चिंत राहा. लागोपाठ १५० च्या पुढे जाऊ लागलं तर आधी खाणं तपासा, कोरडं खाणं वाढलंय का, कुणी बिस्किट देतंय का. १८० च्या वर दोनदा आलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. झटापट करून घेतलेला मोठा आकडा मात्र धरू नका. घाबरलेल्या मांजराची साखर तीनशेच्या वरही जाते, चार तासांनी शांतपणे पुन्हा मोजा. स्टेरॉइडचं इंजेक्शन, किडलेले दात आणि वाढतं वजन ही साखर परतण्याची नेहमीची कारणं आहेत. स्टेरॉइड द्यायच्या आधी डॉक्टरांना जुन्या मधुमेहाची आठवण जरूर करून द्या.

लघवीच्या पट्ट्या स्वस्त आहेत, पण मीटरची जागा घेऊ शकत नाहीत. मांजराच्या लघवीत साखर उतरते ती रक्तातली साखर साधारण २५०-२७० च्या पुढे गेल्यावर, तोवर उशीर झालेला असतो. घरात किटो-डायस्टिक्स ही लघवीची पट्टी ठेवायची ती किटोनसाठी, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागलं की तयार होणाऱ्या घातक पदार्थासाठी. साखर वाढलेली आहे, मांजर खात नाही, उलट्या करतंय आणि पट्टीवर किटोन दिसतंय, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या.

माणसांनी दंडावर लावायचा, सतत साखर मोजणारा फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सर मांजराच्या पाठीवर केस काढून लावतात. इन्सुलिन बंद केल्यावरच्या पहिल्या पंधरवड्याला तो उत्तम, दिवसभराचा आलेख मिळतो. पण तो चार-पाच हजारांना पडतो, आणि मांजर चौदा दिवसांच्या आधीच उपटून टाकण्याची शक्यता बरीच. महिनोन्‌महिने लक्ष ठेवायचं असेल तर तो परवडत नाही.

कॉन्टूर प्लसच्या स्ट्रिप्सची डबी पावसाळ्यात उघडी राहिली तर आकडे भरकटतात. स्ट्रिप काढली की झाकण लगेच घट्ट लावा, डबी फ्रिजमध्ये ठेवू नका. आणि साखर वाढलेली दिसली म्हणून फ्रिजमधलं उरलेलं ग्लार्जिन इन्सुलिन स्वतःच्या अंदाजाने टोचू नका. किती युनिट द्यायचे हे वहीतले आकडे बघून डॉक्टरच ठरवतील.