जॉर्ज लॉइडची चौथी सिंफनी : एका बँडवाल्याचं मत

उदगीरला आमची बँड पार्टी आहे, मी क्लॅरिनेट वाजवतो. आषाढ लागला की लग्नं बंद, वाद्यं खोळीत. त्या रिकामपणात ही जुनी सीडी मागवली : इंग्रज संगीतकार जॉर्ज लॉइड, सिंफनी (मोठ्या वाद्यवृंदासाठीची, अनेक भागांची रचना) क्रमांक ४, 'आर्क्टिक'. फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा, संचालक एडवर्ड डाउन्स, कंपनी लिरिटा. नऊशे रुपये पडले. डबी फुटून आली, सीडी नशिबानं शाबूत.

घेतली ती एवढ्याचसाठी की हा माणूसही बँडवालाच. ब्रिटिश नौदलाच्या 'रॉयल मरीन्स' सैनिकदलाचा. युद्धनौकेवर बँडवाल्यांना तळाच्या खोलीत बसवून तोफांच्या नेमाचा हिशोब करायला लावत. १९४२ साली आर्क्टिक समुद्रात त्याच्या 'ट्रिनिडाड' नौकेनं सोडलेला टॉर्पेडो (पाण्यातून जाणारा स्फोटक गोळा) उलटा फिरून तिच्यावरच आदळला. खोलीत तेल भरलं, लॉइडचे बरेच साथीदार त्यात बुडाले. हा वाचला, पण हात थरथरायचे. बायकोनं सांभाळलं, तेव्हा कुठं १९४६ पर्यंत सिंफनी लिहून झाली. आणि वाजली कधी? १९८१ला, इंग्लंडातल्या चेल्टनहॅमला! मधे कित्येक वर्षं गड्यानं डॉर्सेटमध्ये कार्नेशनची फुलं आणि अळिंबी पिकवली. लिहायचं ते पहाटे, कामाच्या आधी. (नुसत्या बँडवर आमचंही भागत नाही, तीन एकर सोयाबीन आहेच.)

ऐवज तासाभराचा, भाग चार. त्यातला संथ दुसरा भाग सगळ्यात सरस. बर्फ मी पाहिला नाही, पण येळवशीला (वेळ अमावास्येला) भल्या पहाटे ज्वारीच्या रानात उभं राहिलं की जसं वाटतं, तसं वाटलं. तिसरा ठीक.

चौथ्यात मार्चमागून मार्च, म्हणजे कवायतीच्या चाली. पुतण्या म्हणाला, "काका, एवढी माणसं मेली अन् ह्यानं वरात काढली?" त्याचं उत्तर लॉइडनंच देऊन ठेवलंय : दफन उरकलं की लष्करी बँड परतीच्या वाटेवर जलद, आनंदी चाली वाजवतो. आम्हालाही कधीमधी नव्वदी गाठलेल्या म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेला बोलावतात. जाताना अभंग वाजवतो. येताना मात्र वाद्यं काखेत मारून गपगुमान येतो. लॉइडच्या बँडमधल्या पोरांना तसं गप्प यायचीही मुभा नव्हती. हे कळल्यावर तेच मार्च वेगळे ऐकू आले.

तरी लांबतं हो. आता संपलं म्हणावं तर नवरदेवाच्या दोस्तांसारखं 'अजून एक होऊ द्या' चालूच. त्याचा एक गुण कापला : पाचात चार. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, खालच्या सुरांची पितळी वाद्यं ऐकूच येत नाहीत.

त्यातला एक मार्च क्लॅरिनेटवर उतरवायला घेतलाय. तुळशीच्या लग्नापर्यंत पोरांच्या हाती बसवतो.