सिंथेटिक रीड: उन्हाळ्यात कामाची, पियानोसंगं तर लयच
राजेहो, आमच्या दारव्ह्याकडं मे महिन्यात केनची (बोरूची) रीड, म्हंजे सॅक्सोफोनच्या तोंडाशी लावाची आवाज काढनारी पातळ पट्टी, दोन गाण्यात वाळून वाकडी होते, म्हनून माह्या अल्टो सॅक्सोफोनसाठी सिंथेटिक मागवली. ओली करा लागत नाई, डब्बीतून काढली का वाजली. वरातीत चाललीच पन मले पाहाचं होतं ते वेगळंच, रशियन संगीतकार एडिसन डेनिसोवच्या 1970 च्या सॅक्सोफोन-पियानो सोनाटात (दोन वाद्यांच्या रचनेत) असतेत तसले आवाज निघतेत का. स्लॅप टंग झकास, जीभ रीडले चिकटवून झटक्यानं सोडली का बूच उडाल्यावानी टप्प! मल्टिफोनिक म्हंजे बोटांच्या एकाच ठेवनीवर दोन-तीन सूर संगं, तिथं मात्र अडते, वरचा सूर चिरकते न केनचा खरखरीतपना येतच नाई.

मंग एका शाळेतल्या जुन्या पियानोचं झाकन उघडलं, दोस्तानं तारा मोकळ्या सोडनारं उजवं पेडल दाबून धरलं न मी सॅक्सचं भोंगं तारांकडं करून जोरात फुकलं, माझं थांबलं तरी तारा आपोआप घुमत राह्यल्या, साध्या कीबोर्डवर हे होतच नाई बाप्पा. महाग हाय पन टिकते. रीडच्या कडकपनाचा नंबर केनपेक्षा अर्धा कमी घेजा, मले केनचाच नंबर यात कडक लागला. पाचपैकी चार स्टार.