टॉपकॉन ट्रायटन ओसीटी: रोजच्या वापरातील अनुभव

दृष्टिपटलाच्या तपासणीसाठी आमच्याकडे नियमित वापरात असलेल्या या ओसीटी (प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाच्या थरांचे छेदचित्र घेणाऱ्या) यंत्राची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्याचा वेग. स्ट्रॅटस हे जुने यंत्र सेकंदाला ४०० स्कॅन घेत असे. ट्रायटन तेवढ्याच वेळात १,००,००० घेते. जिवंत डोळा क्षणभरही पूर्ण स्थिर नसतो, त्यामुळे नजर टिकवू न शकणाऱ्या वयस्कर मधुमेही रुग्णांच्या बाबतीत हा फरक थेट प्रतिमेत उतरतो आणि दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूजवळची सूज, थरांमध्ये साचलेल्या द्रवाच्या काळ्या पोकळ्यांसह, स्पष्ट दिसते. १०५० नॅनोमीटरचा प्रकाश रुग्णाला जवळजवळ दिसत नाही, म्हणून तो दचकत नाही. शिवाय हा प्रकाश दृष्टिपटलाखालच्या रक्तवाहिन्यांच्या थरापर्यंत पोहोचतो, आणि माझ्या मते खरे मोल याचेच आहे. मोतीबिंदू फार पिकलेला नसेल तर त्यातूनही उपयोगी चित्र मिळते.

अँजिओग्राफीत, म्हणजे याच यंत्राने रक्तवाहिन्यांचे चित्र घेताना, मात्र एकाच जागी पुन्हा पुन्हा स्कॅन घ्यावे लागत असल्याने रुग्णाला धीर धरावा लागतो, आणि कोरड्या डोळ्यांत प्रतिमा धूसर येते. अशा वेळी अगोदर कृत्रिम अश्रूंचा थेंब घालून रुग्णाला दोन-तीनदा पापण्या मिटायला सांगावे. किंमत भारी आहे, तरीही मधुमेही रुग्णांची वर्दळ असलेल्या दवाखान्याने हे यंत्र जरूर घ्यावे.